मेणातला ठोकळा

मेंदूच्या गाठीत केमोचं औषध बाहेर फेकणारं प्रथिन असलं, की आमच्या रंगाने काचपट्टीवरचा काप तपकिरी होतो; म्हणजे औषध लागू पडणार नाही. रंगच बिघडलेला नाही ना, हे कळावं म्हणून प्रत्येक तपासणीत हे प्रथिन नक्की असलेल्या एका जुन्या गाठीचा कापही सोबत रंगवतात. ती गाठ मेणाच्या ठोकळ्यात असते, आणि तिला आमच्या वरिष्ठ ताईंशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा लॅबचा अलिखित नियम.

“ताई, ठोकळा संपलाय. मेणच उरलंय नुसतं. दुसरा काढू?”

“अजून एक काप निघेल.”

“आठवडाभर हेच चाललंय तुमचं. एवढा काय जीव अडकलाय त्यात?”

ताईंनी ठोकळा तळहातावर घेतला आणि बोटाने मेणाचा भुगा पुसला.

“सहा वर्षांपूर्वी याच टेबलावर याचा पहिला काप पाहिला. वर नुसता नंबर. नावं आपल्याला कुठे कळतात? ‘काय सुरेख रंग चढलाय, हाच कायमचा ठेवू या,’ असं मीच म्हणाले होते. घरी गेले, तर हे दारातच उभे. ‘काय गं, माझा रिपोर्ट आला का?’”