झाकणावरचा गंज

एकनाथ गुरुजी सायवनच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि त्यांची जुनी मोटारसायकल रोज शाळेच्या वाटेवर आशागड गाव ओलांडलं की मान टाकायची. डहाणूच्या मेकॅनिकने कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा कॉक बदलला, फरक शून्य. आणखी एकदा उशीर झाला तर वर रिपोर्ट करीन, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं.

त्या सकाळीही गाडी बंद पडली. रेशनच्या रॉकेलचा डबा घेऊन चाललेला जवळच्या पाड्यावरचा काळ्या थांबला, हसला. "गुरुजी, डब्याला एकच भोक पाडलं तर धार लागते का? वारा आत जायला दुसरं लागतंच ना!" त्याने बाभळीच्या काट्याने टाकीच्या झाकणावरचं बुजलेलं बारीक भोक कोरलं. लाल भुगा निघाला.

"गंज आहे," गुरुजी जाणकारासारखे म्हणाले.

गाडी जी सुटली, ती संध्याकाळी घरी परतेपर्यंत कुठेही अडली नाही. ऐकून त्यांच्या बायकोने, सुधाने, हात जोडले. "रोज सकाळी गाडीची पूजा करते, ती फुकट नाही गेली!"

आणि दुसऱ्या दिवशी तिने टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचा टिळा रोजच्यापेक्षा चांगला जाडजूड लावला.