मौनातली शिकवणी

पूजा होईपर्यंत माझं रोज मौन असतं. नेमकी त्याच वेळात सूनबाई फोन घेऊन गच्चीवर जाते, हे ध्यानात आलं आणि मनात पाल चुकचुकली. लग्नाला वर्ष नाही झालं, आणि कोणाशी एवढं गुलूगुलू?

आज धुतलेलं सोवळं वाळत घालायच्या निमित्तानं मीही जिना चढले. ती पाठमोरी पुटपुटत होती, "वन वुमन गोज, टू विमेन गो." इतपत इंग्रजी मलाही कळतं. या जाण्याच्याच गोष्टी! मला बघताच तिनं फोन ओढणीआड लपवला. मी मुकाट्यानं हात पुढे केला.

फोनवर कोणी नव्हतंच. इंग्रजी व्याकरणाची शिकवणी चालू होती.

"शिक्षकभरतीची परीक्षा आहे, आई," ती खालमानेनं म्हणाली. "एकवचन-अनेकवचनात दरवेळी चुकते. मौन सुटलं की तुमच्या हाका सुरू होतात, मग डोक्यात काही शिरत नाही."

खाली येऊन पूजा केली, आरतीची घंटा वाजवली.

"अगं, झाली ना पूजा? बोल की आता!" हे म्हणाले.

मी नुसती मान हलवली आणि यांच्या हातात चहा दिला. सूनबाई अजून गच्चीवरच होती.