पहिला उतार

अप्पा आत जेवायला बसले, तसा बाहेर दुकानात त्यांच्या मुलाने त्यांनी नुकताच बसवलेला सायकलचा ब्रेक पुन्हा आवळायला घेतला. नट नुसत्या बोटाने फिरला. अप्पांच्या मनगटात जोर उरला नव्हता.

"दादा, हे रोज चालतं?" माहेरी आलेली बहीण दारातच थबकली.

"हळू बोल. आजवर कुणी पडलं का? नाही ना? मग झालं."

"कुणी पडलं नाही म्हणून फसवणूक चालते का? सरळ सांग त्यांना."

आतून सून हात पुसत आली. "ताई, ते सकाळी उठतात ते त्या पान्यासाठी. तो काढून घेतला तर उठायचेच नाहीत. मी काय हौस म्हणून त्यांना जेवताना गप्पांत गुंतवते? विषय संपत आलेत माझे."

"तू इथे, मग आत्ता त्यांना कोण गुंतवतंय?" मुलाने विचारलं.

अप्पा उंबऱ्यात उभे होते. हातात पाण्याचा पेला.

"सायकल कोणाची आहे?"

"नर्सबाईंची," मुलगा म्हणाला.

"मग तिघं मिळून माझी काळजी कसली करताय? बसणार आहेत त्या."

दुकानासमोरून रस्ता थेट खाली चौकात उतरायचा. दुकानाची रीत ठरलेली होती: ज्याने ब्रेक आवळला, त्यानेच पहिला उतार उतरायचा. गिऱ्हाईक त्यानंतर. अप्पा अजूनही रोज उतरत.

"म्हणजे मी उतरत होतो ते तुझ्या ब्रेकवर," अप्पा म्हणाले. "आणि मला वाटायचं, हात अजून शाबूत आहे."

त्यांनी पेला उंबऱ्यावर ठेवला.

"चांगला लागायचा. पण ज्याचा ब्रेक, त्याचा उतार. बस सायकलवर."

"आत्ता?"

"नर्सबाई येतीलच."

मुलाने उरलेला नट आवळला, सायकल रस्त्यावर घेतली आणि टांग मारली. उतारावर तिने झपाट्याने वेग घेतला. सुनेने नणंदेचा दंड घट्ट धरला. दोघी चौकाकडे बघत राहिल्या.

अप्पा मात्र तो निम्म्यावर पोचायच्या आधीच आत वळले. भिंतीवर बापलेकांच्या पान्यांसाठी दोन खिळे होते. त्यांनी आपला पाना पुसला आणि मुलाच्या खिळ्यावर टांगला.

खालून ब्रेक लागल्याचा आवाज आला, तेव्हा ते पुन्हा ताटावर बसले होते.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "विषय अर्धाच राहिलाय."