पानांचा गुण

मामांच्या औषधी पानांच्या पुडीनं लोकांची साखर खरंच उतरायची, म्हणून मी ती प्रयोगशाळेत तपासली. नुसत्या पानांत काहीच सापडलं नाही. पुडीत मात्र औषधाच्या दुकानातली मधुमेहाची गोळी निघाली. अहवाल बघून मामांनी मान खाली घातली. “पानांनी गुण येईना गं. आशेनं आलेल्यांना परत कसं पाठवू? गोळ्या कुटून घातल्या.” “आई तुमची पूड घेते आणि डॉक्टरांची गोळीसुद्धा!” मी म्हणाले. “दुप्पट औषधानं साखर फारच उतरते. तिला चक्कर येते ती त्यामुळेच.” मामांचा चेहरा पांढराफटक पडला. मी घरी फोन लावला. आईची जीभ जड झाली होती. “घाम फुटलाय गं. मघाशी पूड घेतली, होईल बरं.” “आई, आधी साखर खा!” “वेडी का तू? मामाला विचार, मला चालते का.” मामांनी फोन घेतला. “खा ताई,” ते म्हणाले. “पुडीत गोळ्या मीच घालत होतो.”