अख्खा कोट

“मधोमध कापा आणि बाजारात न्यायला थैली शिवून द्या,” असं म्हणत उर्शुलाने कोट टेबलावर टाकला. “वर हवं तर दोन फुलं काढा. मुलगी म्हणत होती, हल्ली तीच फॅशन आहे.”

गेनोवेफाबाईंनी चष्मा लावला. रफूचं दुकान म्हणावं असं पोलंडमधल्या ग्दिन्या या बंदराच्या शहरात आता त्यांचंच काय ते उरलं होतं. वय बहात्तर. येईल ते काम त्या घ्यायच्या. जीन्सना ठिगळं लावायच्या, फाटक्या स्वेटरांवर वेलबुट्टी काढायच्या. पण त्यांचा खरा हात न दिसणाऱ्या रफूत. कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढायचे आणि भोकावर एकेक करून विणायचे. नंतर गिऱ्हाइकाला स्वतःचं भोक सापडत नसे.

“कापड खणखणीत आहे हो,” बाई म्हणाल्या. “अजून वीस वर्षं जाईल. कापता कशाला?”

“बाबांचा आहे. मी चार वर्षांची होते तेव्हा गेले ते. दारू पिऊन पुलावरून पडले. शाळेत पोरं मला दारुड्याची म्हणायची, आणि घरी आईने हा कपाटात टांगून ठेवलेला. दरवर्षी नव्या डांबरगोळ्या! आता आईही गेली. मला हा अख्खा बघवत नाही.”

बाईंनी कात्री उचलली. कापण्याआधी सवयीने खालची दुमड उलटून बघितली आणि त्यांचा हात थांबला. दुमडीतले बोटभर जागेचे धागे कुणीतरी काढून घेतले होते. उरलेली कड निळ्या दोऱ्याने तिरके टाके घालून पक्की केली होती. या शहरात तशी कड एकच बाई बांधत असे.

त्यांनी कोट पालथा घातला, डोळे मिटले आणि तळवा फिरवला. दोन खांद्यांच्या मधे, जरासं डावीकडे, बोट थबकलं.

एकाहत्तरचा जानेवारी. गेनोवेफा तेव्हा चोवीस वर्षांची होती. एक बाई आली. कोट धुतलेला, अजून ओलसर. अस्तर उसवून काढलेलं. पाठीला वाटाण्याएवढं गोल भोक. आदल्याच महिन्यात, डिसेंबरात, बंदराकडे कामाला निघालेल्या माणसांवर सैन्याने गोळ्या चालवल्या होत्या. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाई एवढंच म्हणाली, “कुणाला दिसता कामा नये. घरात लहान मुलगी आहे. तुम्हीही कुणाला सांगू नका.” गेनोवेफाने मान हलवली. तीन दिवस खिडकीशी बसून तिने ते भोक बुजवलं. पुढे ती बाई पुन्हा आली नाही.

“काय झालं?” उर्शुलाने विचारलं. “कसर लागलीय का?”

कात्री बाईंच्या हातातच होती. दोन काप दिले असते की विषय मिटला असता. दिलेला शब्दही राहिला असता.

“तुमची आई काय म्हणायची? बाबा कसे गेले?”

“आई कसली बोलतेय! मृत्यूच्या दाखल्यावर तसं लिहिलं होतं. लोकही तेच म्हणायचे.”

गेनोवेफाबाईंनी कात्री खाली ठेवली. “इकडे या. बोट द्या तुमचं.” त्यांनी ते बोट धरून कोटाच्या पाठीवर टेकवलं. “काय लागतंय?”

“काहीच नाही.”

“नाहीच लागणार. मी केलाय तो रफू.” आवाजात अभिमान आला होता. त्याची बाईंना लगेच लाज वाटली. मग त्यांनी ओलसर कोटापासून सगळं सांगितलं.

उर्शुला ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे ते पीत नव्हते?”

“ते मला ठाऊक नाही, पोरी. पीतही असतील. पण पुलावरून पडून पाठीला असं भोक पडत नाही.”

बाईंनी सुई घेतली आणि आपलंच काम उसवायला बसल्या. घालायला तीन दिवस लागलेले धागे पाऊण तासात निघाले. भोक उघडं झालं. उर्शुलाने त्यात करंगळी घातली.

“मी एकदा तिला म्हटलं होतं, दारुड्याचा कोट फेकून दे,” ती म्हणाली. “तिने थोबाडीत मारली. उभ्या आयुष्यात तेवढी एकदाच.”

बाईंनी चहा केला. तो कुणी प्यायला नाही.

“परत बुजवू?” त्यांनी विचारलं. “येईल पहिल्यासारखा.”

“नको.”

“असाच ठेवलात तर उसवत जाईल.”

“मग उसवणार नाही एवढं करा. आणि दिसलं पाहिजे.”

असं काम गेनोवेफाबाईंकडे कुणी कधी मागितलं नव्हतं. त्यांनी लाल रेशीम काढलं आणि भोकाभोवती काजाचे टाके घातले, जवळजवळ, एकसारखे. गाठ आतल्या बाजूला मारली. काळपट करड्या कापडावर ते लाल कडं दुकानाच्या दारातूनही ओळखू येत होतं.

उर्शुलाने कोट अंगात चढवला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. दारात ती थांबली. पाठीवर मोकळे सोडलेले केस तिने दोन्ही हातांनी गोळा केले, खांद्यावरून पुढे घेतले आणि भर गर्दीच्या रस्त्यावर उतरली.