वीज गेली की धावायचं नाही

पंखा मंदावला, आणि तो पुरता थांबायच्या आत सासऱ्यांच्या उशाशी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या मशीननं एकसारखी शिट्टी धरली.

सून भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि चालत निघाली. धावायचं नाही, हा पहिला नियम.

"वीज गेली," बाल्कनीतून तिचा नवरा मोठ्यानं म्हणाला.

"वीज गेली," सासूबाईंनी परत म्हटलं. हा दुसरा नियम. जे झालं ते एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही.

नियम सासऱ्यांचे. चौतीस वर्षं त्यांनी वीज उपकेंद्रात काढली होती आणि तिथे एकेक खटका असाच बोलून ओढला जायचा. आता त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. मशीन चालू तर श्वास चालू. "मशीन बंद पडलं तर दहा मिनिटांच्या आत सिलेंडर सुरू झाला पाहिजे," डॉक्टरांनी बजावलं होतं. "त्यापुढचं मी काही सांगू शकत नाही."

दोन महिन्यांपूर्वी वीज गेली तेव्हा या घरानं जे केलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. नवरा भर दुपारी पेटती मेणबत्ती घेऊन ऑक्सिजनच्या सिलेंडरकडे निघाला. सासूबाई फ्रिजमधलं दूध वाचवायला धावल्या. सून सासऱ्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत बसली. नशिबानं सातव्या मिनिटाला वीज आली. तोवर सासऱ्यांचे ओठ निळे पडले होते.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. रोज सकाळी आठ वाजता नवरा मेन स्विच पाडायचा आणि सासरे पलंगावरून बघत राहायचे. चूक दिसली की तिथल्या तिथे हजेरी.

"सूनबाई, बाजारात निघालीस का?" किंवा मुलाला, "अरे, मेन बघ म्हटलं होतं. आरसा नाही."

तेव्हापासून वीज एकदाही गेली नव्हती. आपली तयारी बघून तिलाच दडपण आलं असावं, असं नवऱ्याचं मत होतं.

आज रविवारी चारच्या सुमाराला ती खरोखर गेली.

"समोरच्या इमारतीतही नाही. मेन पाहिला," नवरा आत येत म्हणाला.

"मेन पाहिला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सासऱ्यांच्या नाकातली नळी काढली आणि मास्क चढवला. "मास्क लावला."

"मास्क लावला," सून म्हणाली. ती सिलेंडरपाशी पोचली होती. तिनं मास्कची नळी दोन्ही टोकांना ओढून पाहिली. "नळी घट्ट."

"नळी घट्ट."

"किल्ली फिरवली."

"किल्ली फिरवली," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी घड्याळ दाबलं. "एकेचाळीस सेकंद."

सरावात पन्नासच्या खाली ते कधीच आले नव्हते.

नवऱ्यानं वीज कार्यालयाला फोन लावला. "केबलचं काम निघालंय. तासभर लागेल म्हणतात."

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या. "सिलेंडर तीन तास पुरतो."

वेळ आली की नेमके आपले हात चालणार नाहीत, ही धास्ती सुनेनं दोन महिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, जमलं ना?"

एक तरी चूक काढल्याशिवाय न राहणारा माणूस नुसता बघत होता. सुनेच्या आठ वर्षांच्या संसारात शाबासकीच्या इतकं जवळ जाणारं काही तिला मिळालं नव्हतं.

मग त्यांनी हात उचलला आणि मनगट हवेत गोल फिरवलं.

"काय म्हणतायत?" नवऱ्यानं विचारलं.

"परत एकदा करा म्हणतायत," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या खुणा पंचेचाळीस वर्षं त्याच वाचत आल्या होत्या.

"अगं आई, ही खरी गेलीय. सराव नाहीये हा."

हात पुन्हा फिरला. या वेळी जोरात, डोळे मोठे करून.

"बघ, चिडले. आजारी माणसाशी हुज्जत घालू नये. चला, आपापल्या जागेवर."

नवरा बाल्कनीत गेला. सून स्वयंपाकघरात जाऊन हातात सुरी धरून बसली. सासूबाईंनी मास्क उतरवला.

"वीज गेली."

"वीज गेली."

मेन, मास्क, नळी, किल्ली. कुणी अडखळलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. सुनेला तर आपण गेली कित्येक वर्षं हेच करत आलो आहोत असं वाटलं.

"छत्तीस," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांचा हात सावकाश खाली आला आणि चादरीवर विसावला. डोळे मिटले.

"झालं समाधान," सासूबाईंनी आवाज खाली आणला. "आता निजू दे त्यांना."

तिघं पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत आले. नवऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

"अगं, पहिल्या दिवशी किती लागले होते आपल्याला?" त्यानं बायकोला विचारलं. "चार मिनिटं की पाच?"

"बघते थांबा."

तिनं सरावाची वही काढली आणि मागून पानं उलटत पहिल्या पानावर आली. तिथे आकड्यांच्या वर सासऱ्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

'सरावात ऑक्सिजन वाया घालवू नये. किल्लीला हात न लावता नुसतं "फिरवली" म्हणावं.'