दांडीवरचा हात

मोटरनं दांडी ओढली, पुढं नेली, मागं आणली आणि दांडी जागेवर थांबायचं सोडून तिथंच थरथरत बसली. पोतं पंचवीस किलोचं, भरलं सव्वीस. बाकीचा तांदूळ जमिनीवर.

जमुनाबाईनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. कोहमाऱ्याजवळच्या मुन्नालालच्या राईस मिलमध्ये ही दांडी एकोणीस वर्षं तिच्या हातात होती. दांडी ओढली की वरच्या टाकीचं दार उघडतं, तांदूळ पोत्यात पडतो. आवरायचं कधी, ते हाताला कळतं. तिच्या पोत्यात मूठभराचा फरक काढून दाखवणारा अजून जन्मायचा होता. आता त्याच दांडीला सर्व्हो मोटर जोडली होती. ती बसवायला आलेला नागपूरचा अतुल दोन दिवस लॅपटॉपवर आकडे बदलत होता. जोर वाढवला की दांडी पुढं निसटे, कमी केला की अर्ध्यावर झोपे.

मोटर बसली की भरणीवरच्या सहाही बाया घरी, हे मुन्नालालनं लपवलं नव्हतं. म्हणून आज अतुलनं मोटर बंद करून दांडीवर बाईचा हात पाहायला मागितला, तेव्हा त्या सहांतल्या गीताबाईनं जमुनाबाईला बाजूला घेतलं. तूच जा म्हणाली, पण हात बिघडव. जमुनाबाईनं ठरल्याप्रमाणं केलंही. पहिल्या पोत्याला झटका दिला, दुसऱ्याला उशीर केला. मागं बाया खूश.

अतुलनं स्क्रीनवरची नजरही उचलली नाही. "राहू द्या मावशी, वय झालं. तुमचा हात तं मोटरपेक्षा जास्त थरथरून राहिला."

एक हमाल फिसकन हसला.

जमुनाबाईनं पदर खोचला. "कोनाचा हात? पाह्य आता, डोळे फाडून."

दांडी एका दमात उघडली. पोतं पाऊण झालं तसा हात सैल पडत गेला, शेवटची मूठ नुसती ओघळली. पंचवीस. पुन्हा पंचवीस. अशी दहा पोती. वर फुकटचं शहाणपणही देऊन झालं, की तू शेवटी थांबवतो म्हणून तुझी मोटर थरथरते, मी पाऊण पोत्यापासूनच आवरून राहते. गीताबाईनं दोनदा हाक मारली. तिला ऐकू आली नाही.

अतुलनं आकडे भरले. पाऊण पोत्यापासून मोटरचा जोर उतरता केला. दांडी गेली, आली, थांबली. पंचवीस.

जेवणाच्या सुट्टीत बायांनी डबे उचलले ते न उघडताच. गीताबाई फाटकाबाहेर पडली, जमुनाबाईकडं न पाहता.

जमुनाबाई चपला घालायला ऑफिसच्या पायरीशी आली. आत मुन्नालाल विचारत होता, दोन दिवस जमलं नाही ते अर्ध्या तासात कसं झालं.

"दोन दिवस मी मोटरकडे पाहतच नव्हतो, शेठ," अतुल वायर गुंडाळत म्हणाला. "दर मिलमध्ये मी आधी एकच पाहतो. सगळ्यात ताठ मानेची बाई कोण."